हातात कसब आहे, पण कागद कुठे आहे? जर्मनीच्या कामाच्या व्हिसासाठी शिक्षण आणि अनुभव कसा सिद्ध करायचा

बेळगाव : उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये १४ वर्षं लेथ आणि सीएनसी चालवणारा एक कारागीर मध्यंतरी भेटला. आयटीआय टर्नर, दोन वर्षांचा कोर्स केलेला. जर्मनीतल्या एका कंपनीने व्हिडिओवर मुलाखत घेतली, काम पसंत पडलं. मग मेल आला, गेल्या पाच वर्षांत काय काम केलं त्याचा पुरावा पाठवा. त्याच्याकडे मालकाच्या लेटरहेडवर दोन ओळी होत्या : "सदर इसम आमच्याकडे कामास आहे. त्याची वर्तणूक चांगली आहे." पीएफ तीन वर्षांचा, तोही कंत्राटदाराच्या नावावर आणि हुद्दा 'हेल्पर'. त्याआधीचा पगार रोख. नोकरीची ऑफर हातात असून गडी अडकला.

असे अनेकजण आपल्या भागात आहेत. उद्यमबाग, मच्छे, होनगा असो की पलीकडे चंदगड तालुक्यातलं शिनोळी, फौंड्री आणि मशीनशॉपमध्ये कसबी माणसांची कमतरता नाही. दुसरीकडे जर्मनीला माणसं हवीत. भारतीय कुशल कामगारांना द्यायच्या व्हिसांची संख्या वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याची घोषणा तिथल्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून "आम्ही कर्नाटकात राहतो, आम्हाला काय?" असा प्रश्न इथे सारखा विचारला जातो. त्याचं उत्तर असं की करार हा भरतीचा एक रस्ता झाला. व्हिसाचा कायदा मात्र जर्मनीच्या केंद्र सरकारचा आहे. तो बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद सगळीकडच्या माणसाला सारखाच लागू होतो. अट एकच, तुमचं शिक्षण आणि अनुभव तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाला कागदावरून पटला पाहिजे.

वाटा तीन, पुरावे वेगवेगळे

कारागिरांसाठी मुख्य वाटा तीन आहेत. आपली कुठली, हे आधी ठरवा. कारण त्यावर कागद ठरतात.

पहिली वाट म्हणजे पूर्ण मान्यता. तुमच्या ट्रेडची तुलना जर्मनीतल्या तशाच ट्रेडशी होते. उद्योग आणि व्यापारातल्या बहुतेक ट्रेडसाठी हे काम न्यूर्नबर्ग शहरातली 'आयएचके फोसा' ही कचेरी करते. गाडी दुरुस्ती, प्लंबिंग यांसारख्या हस्तव्यवसायांसाठी तिथल्या स्थानिक हस्तव्यवसाय चेंबरकडे जावं लागतं. फोसाची फी साधारण १०० ते ६०० युरोच्या दरम्यान असते. सगळे कागद पोचल्यावर निकालाला तीन महिने धरा.

आपल्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. जर्मनीत ट्रेडचं शिक्षण बहुधा तीन ते साडेतीन वर्षांचं असतं, थोडा वेळ शाळेत आणि जास्त वेळ कारखान्यात. आपला आयटीआय दोन वर्षांचा. त्यामुळे बऱ्याच वेळा निकाल येतो 'अंशतः समतुल्य'. म्हणजे अर्ज नापास झाला असं नाही. कुठले विषय कमी पडतात ते त्या पत्रात लिहिलेलं असतं, आणि तेवढंच भरून काढायचं असतं. शिवाय शाळेत कमी पडलेला भाग नोकरीतल्या अनुभवाने भरून निघाला असेल तर तोही धरला जातो. पण अनुभव कागदावर दिसला तरच.

दुसरी वाट म्हणजे 'मान्यता भागीदारी'. ही मार्च २०२४ पासून सुरू झाली. यात मान्यता हातात येण्याआधीच जर्मनीला जाऊन काम सुरू करता येतं, आणि मान्यतेची प्रक्रिया मालकाच्या मदतीने तिथे पूर्ण करायची असते. त्यासाठी नोकरीचा करार लागतो, जर्मन भाषेची ए-२ पातळी लागते आणि आपल्या देशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. परवाना आधी एका वर्षाचा असतो, तो तीन वर्षांपर्यंत वाढतो.

तिसरी वाट अनुभवाची. यात जर्मनीची मान्यता घ्यायचीच नाही. मात्र दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण किंवा पदवी हवी, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं त्याच प्रकारचं काम केलेलं हवं आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर हवा. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ४३,४७० युरो होती. दर जानेवारीत ती बदलते. मालक कामगार संघटनेशी झालेल्या वेतन कराराने बांधलेला असेल, तर त्या करारातला पगार चालतो. पंचेचाळिशी ओलांडून पहिल्यांदा जाणाऱ्याला पगाराची मर्यादा आणखी वरची आहे, नाहीतर म्हातारपणाच्या पेन्शनची सोय दाखवावी लागते.

एका वर्षाचा आयटीआय की दोन वर्षांचा?

वरच्या दोन वाटांत 'दोन वर्षं' हा शब्द आहे, त्याकडे नीट बघा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे आयटीआयचे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, प्लंबर, फौंड्रीमन हे एका वर्षाचे. म्हणजे फौंड्रीसाठी नाव असलेल्या आपल्या बेळगावात खुद्द फौंड्रीमनचं प्रमाणपत्र एकट्याने ही अट भागवत नाही. एजंट हे सांगत नाही. एका वर्षाचा ट्रेड असेल तर सगळा अनुभव जोडून पहिल्या वाटेने तुलना करून घ्यावी लागते, आणि त्याआधी अधिकृत सल्ला घ्यावा. तो कुठे मिळतो ते पुढे दिलंय.

तसंच 'पूर्वशिक्षणाची मान्यता' म्हणून कौशल्य विकास योजनेत थोड्या दिवसांच्या चाचणीवर जे प्रमाणपत्र मिळतं, ते दोन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या जागी चालत नाही. बायोडाटात जरूर लावा, पण त्याच्यावर विसंबू नका.

आयटीआयचे कागद जमवताना नुसतं अंतिम प्रमाणपत्र पुरत नाही. सगळ्या सेमिस्टरचे किंवा वर्षांचे मार्क्स लागतात, आणि ट्रेडचा अभ्यासक्रम, म्हणजे कुठला विषय किती तास, हेही जोडलेलं चांगलं. आपलं प्रमाणपत्र राष्ट्रीय परिषदेचं, म्हणजे एनसीव्हीटीचं, की राज्य परिषदेचं, म्हणजे एससीव्हीटीचं, हे वरच्या शिक्क्यावरून बघून घ्या. अप्रेंटिसशिप केली असेल तर त्याचं वेगळं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. अनेकांनी ते आणलेलंच नसतं, जुन्या कंपनीत किंवा आयटीआयमध्ये पडून असतं. ते आणा. कारखान्यात घेतलेलं शिक्षण दाखवणारा त्याच्याइतका मजबूत कागद दुसरा नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेसाठी "हे प्रशिक्षण भारतात सरकारमान्य आहे आणि दोन वर्षांचं आहे" असा जर्मन दाखला लागतो. तो बॉन शहरातली परदेशी शिक्षणाची केंद्रीय कचेरी देते. तिला 'झेडएबी' म्हणतात. अर्ज ऑनलाइन होतो.

कामाचा दाखला असा हवा

आता मूळ मुद्दा. पीएफचं पासबुक सांगतं तुम्ही कुठे, किती दिवस होता. तुम्ही काय करत होता हे फक्त कामाचा दाखला सांगतो. आणि तिथेच आपल्याकडे दोन ओळींत काम आटोपतात.

दाखल्यात एवढं असलंच पाहिजे :

१. कंपनीचं लेटरहेड, पत्ता, फोन, मेल, जीएसटी क्रमांक.
२. पासपोर्टात आहे तसंच तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख.
३. कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख. अजून असाल तर 'आजपर्यंत'.
४. पूर्ण वेळ की अर्धा वेळ, आठवड्याला किती तास.
५. हुद्दा, आणि तो मधे बदलला असेल तर कधी बदलला.
६. प्रत्यक्ष काम. ही बाब सर्वांत मोठी असावी, पाऊण पान तरी.
७. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख, शिक्का.

सहावी बाब कशी लिहायची ते उदाहरणाने बघू. "टर्निंगचे काम केले" हे वाक्य तिकडच्या तपासणाऱ्याला काही सांगत नाही. त्याच माणसाचं काम असं लिहिता येतं :

"दोन अक्षांच्या सीएनसी टर्निंग मशीनवर हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे भाग तयार करणे. ड्रॉइंग वाचून जॉबची सेटिंग करणे, टूल निवडणे, ऑफसेट देणे, प्रोग्राममध्ये किरकोळ बदल करणे. माल : एमएस, एसएस आणि कास्ट आयर्न. मायक्रोमीटर, बोअर गेज आणि डायल वापरून ०.०२ मि.मी. टॉलरन्सपर्यंत तपासणी करणे व नोंद ठेवणे. मशीनची रोजची देखभाल. २०२१ पासून दोन शिकाऊ मुलांना काम शिकवणे."

यात एकही शब्द फुगवलेला नाही. रोज जे करतो तेच लिहिलंय. पण वाचणाऱ्याला मशीन कळतं, माल कळतो, अचूकपणा कळतो, आणि त्यांच्याकडच्या अभ्यासक्रमातल्या विषयांशी एकेक ओळ जुळवता येते. कामाचा मसुदा स्वतः लिहा, सुपरवायझरकडून तपासून घ्या, मगच मालकाकडे न्या. बहुतेक मालक नकार देत नाहीत, त्यांना लिहायचा कंटाळा असतो.

जे केलंच नाही ते मात्र लिहू नका. तिकडे अशा माणसांची मुलाखत तोच ट्रेड शिकलेला माणूस घेतो. प्रोग्रामिंग येतं म्हटलं आणि त्याने दोन प्रश्न विचारले की संपलं. खोटा दाखला व्हिसाच्या तपासणीत सापडला तर तो अर्ज तर जातोच, पुढच्या अर्जांवरही डाग राहतो.

मालक किंवा कंत्राटदार देत नसेल तर

काही ठिकाणी दाखला न देण्यामागे भीती असते. पगार रोख दिलेला असतो, पीएफ भरलेला नसतो, लेखी दिलं तर आपल्यावरच येईल असं मालकाला वाटतं. कंत्राटदाराच्या हजेरीवर असलेल्यांचे हाल जास्त. काम कंपनीत, नाव ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार दर दोन वर्षांनी बदललेला.

कंत्राटी कामगारांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केलेल्या कामाचा तपशील देणारं अनुभव प्रमाणपत्र कामगाराने मागितल्यावर कंत्राटदाराने द्यायचं, असं २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत लिहिलेलं आहे. त्याआधीच्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांतही सेवा प्रमाणपत्राची तरतूद होती. म्हणजे तुम्ही मेहरबानी मागत नाही, हक्काचा कागद मागताय. मागणी तोंडी न करता लेखी करा आणि पोच घ्या.

तोवर बाकीचे पुरावे गोळा करा. पीएफ पासबुक आणि सेवेचा इतिहास पोर्टलवरून उतरवून घ्या. यूएएन क्रमांक देशभर एकच चालतो, त्यामुळे आधी बेळगावात आणि मग शिनोळीत काम केलं तरी दोन्ही नोंदी एकाच जागी दिसायला हव्यात. दिसत नसतील तर जुनं खातं जोडून घ्या. ईएसआयची नोंद, पगार स्लिपा, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, नेमणूक पत्र, वाढीचं पत्र, गेटपास, कंपनीने दिलेल्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट हे सगळं उपयोगाचं. जुन्या सुपरवायझरने स्वतःच्या नावाने आणि फोन नंबरसह लिहून दिलेलं पत्रही जोडता येतं. मुख्य दाखल्याची जागा ते घेणार नाही, पण त्याला आधार देतं.

आणि कागद काही केल्या मिळतच नसतील तर जर्मनीच्या मान्यता कायद्यात आणखी एक दार आहे. त्याला 'पात्रता विश्लेषण' म्हणतात. तज्ज्ञांसमोर काम करून दाखवायचं, जॉब बनवायचा, त्यावर बोलायचं, आणि त्यावरून कौशल्य ठरवलं जातं. मात्र हे पहिल्या वाटेतच चालतं, खर्च आणि वेळ जास्त लागतो, आणि मूळ प्रशिक्षण झालेलं असावं लागतं.

नाव एक, स्पेलिंगं तीन

सीमाभागातला हा खास त्रास. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर नाव आणि पुढे-मागे आद्याक्षरं, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आणि आडनाव, आधारवर कन्नड उच्चाराप्रमाणे आलेलं स्पेलिंग, आणि पासपोर्टात चौथंच काहीतरी. आपण सगळे ओळखतो की माणूस एकच आहे. तिकडचा कारकून ओळखत नाही. स्त्रियांचं लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर त्यात आणखी भर.

पासपोर्ट हा पाया धरा. आधार, पीएफ, बँक यांतलं नाव त्याच्याशी जुळवून घ्या, ही दुरुस्ती सोपी असते. शाळेचे आणि आयटीआयचे जुने कागद बदलायला वेळ लागतो. तिथे फरक किरकोळ असेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र जोडतात. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला लावा. गावाचं नावही बघा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव 'बेळगावी' झालं, त्यामुळे जुन्या-नव्या कागदांवर स्पेलिंग वेगळं आहे. भाषांतर करणाऱ्याला हे सांगा, तो टीप घालतो. भाषांतर जर्मनमध्ये आणि शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यायचं. कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याचं चालत नाही.

नर्सिंग आणि पदवीधरांसाठी

नर्सचं काम जर्मनीत परवान्याशिवाय करता येत नाही, म्हणून अनुभवाची तिसरी वाट तिथे बंद. ज्या जर्मन राज्यात नोकरी, त्या राज्याच्या कचेरीकडे अर्ज जातो. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगचे मार्क्स, विषयवार थिअरीचे आणि वॉर्डातल्या प्रॅक्टिकलचे तास, आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. शिक्षण कर्नाटकात आणि नोकरी कोल्हापूर किंवा पुण्यात असेल तर दोन्ही कौन्सिलांचे कागद नीट आहेत ना ते आधी बघा. कमी पडणाऱ्या भागासाठी तिकडे परीक्षा किंवा काही महिन्यांचा पूरक अभ्यास असतो. परवान्यासाठी भाषा साधारण बी-२ पातळीची हवी, आणि बहुतेकजणी तिथेच थकतात.

पदवीधरांनी आधी 'अनाबिन' या जर्मन सरकारी यादीत आपलं विद्यापीठ आणि पदवी शोधावी. कॉलेजचं नाव नाही, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव टाका. इथल्या इंजिनियरिंगवाल्यांनी विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून शोधायचं. दोन्ही मान्य दिसले तर त्या पानांची छापील प्रतच पुरावा म्हणून चालते. नाही दिसले तर झेडएबीकडून तुलनेचा दाखला घ्यावा लागतो, त्याची फी २०८ युरो. आयटीतल्या अनुभवी लोकांना पदवी नसतानाही वाट आहे. तिथे पुन्हा सगळा भार कामाच्या दाखल्यावरच येतो.

अर्ज कुठे, पैसे कुणाला

व्हिसाचा अर्ज राहत्या पत्त्याप्रमाणे जातो. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला बंगळूरचं वकिलात कार्यालय. महाराष्ट्र, गोवा, गुजरात आणि मध्य प्रदेशातल्यांना मुंबई. हैदराबादच्या लोकांना चेन्नई. म्हणजे एकाच कारखान्यात शेजारी-शेजारी उभे राहणारे, पण एक शिनोळीचा आणि एक बेळगावचा, असे दोघेजण वेगवेगळ्या शहरांत अर्ज करतील. व्हिसाची फी ७५ युरो. मालकाला घाई असेल तर तो तिकडून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो, तिची सरकारी फी ४११ युरो आणि ती मालकाच्या बाजूने भरायची असते.

हे आकडे मुद्दाम दिलेत. कुणी "मान्यतेचे चार लाख" सांगितले की हिशेब मांडून बघता येईल. परदेशी नोकरी लावणारा एजंट 'ई-मायग्रेट' पोर्टलवर नोंदलेला हवा. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून घेता येणारी सेवा फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच आहे. तेलंगणात 'टॉमकॉम' ही सरकारी कंपनीच भरती करते, हैदराबादच्या वाचकांनी आधी तिथे चौकशी करावी. आपली वाट कुठली, एका वर्षाचा ट्रेड चालेल का, यासाठी बॉनमधलं मान्यतेचं केंद्रीय सेवा केंद्र परदेशातल्या अर्जदारांना फुकट सल्ला देतं. जर्मन सरकारच्या 'मेक इट इन जर्मनी' संकेतस्थळावरून तिथपर्यंत पोचता येतं.

दुसऱ्या देशांचं गणित वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात ट्रेडवाल्यांचं मूल्यमापन 'ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया' करते. ब्रिटनने जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसाची पातळी पदवीपर्यंत वर नेल्यामुळे बरेच ट्रेड बाहेर पडले. पण कामाचा सविस्तर दाखला सगळीकडे लागतो.

सुरुवातीला सांगितलेला टर्नर आता काय करतोय? मालकाने नवा दाखला दिला, दीड पानाचा. कंत्राटदाराकडे लेखी मागणी केलीय, पोच खिशात आहे. आयटीआयमधून अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र सापडलं, नऊ वर्षं तिथल्या कपाटात पडून होतं. जर्मन कंपनीने वेळ वाढवून दिलाय. व्हिसा मिळेल की नाही, ते पुढे कळेल.

तुम्हाला जायचं असो वा नसो, यंदाचा कामाचा दाखला यंदाच घेऊन ठेवा. कंपनी बंद पडते, मालक बदलतो, सुपरवायझर रिटायर होतो. दहा वर्षांनी तुमचं काम ओळखणारं कुणी तिथे नसेल, तेव्हा तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.